टँगोची सुपारी

परदेशी गेलेल्या प्रवाशाला ठरावीक पैशांत, एकाच छताखाली आणि एकाच खुर्चीवर बसवून जेवण व नाच या दोन्ही गोष्टी पुरवण्याची जी पद्धत आहे, तिला पर्यटनाच्या धंद्यात ‘डिनर शो’ म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिनाच्या राजधानीत, म्हणजे ब्युनोस आयरेस येथे, अशा जेवणाबरोबर जो नाच वाढला जातो तो टँगो होय. एक पुरुष व एक स्त्री एकमेकांना मिठीत धरून, पायांत पाय गुंतवून आणि तरीही न पडता, चेहऱ्यावरचे गांभीर्य अखेरपर्यंत ढळू न देता जो नाच करतात तो टँगो, एवढी व्याख्या प्रस्तुत विवेचनापुरती पुरेशी आहे. मुंबई-पुण्याच्या मराठी सहल कंपन्या ब्राझील, अर्जेंटिना आणि पेरू यांची जोडसहल काढू लागल्यापासून सातारा व सांगली या जिल्ह्यांतील द्राक्षबागायतदार, निवृत्त मुख्याध्यापक, डॉक्टर दांपत्ये आणि विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे देशभरच्या सराफबाजारांत सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणारे लोक, अशी मंडळीही या नाचासमोर काटे-चमचे घेऊन बसू लागली आहेत. हा प्रकार त्यांना अगदी नवा असतो आणि म्हणून निवड करताना ती गोंधळतात, असा समज सहल कंपन्यांच्या कचेऱ्यांत रूढ आहे. तो निराधार आहे.

कृष्णा, कोयना, येरळा आणि माणगंगा यांच्या काठच्या गावांत डिनर शो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असून तेथे त्याला जत्रा म्हणतात. चैत्र-वैशाखात ग्रामदैवताला पुरणपोळीचा नैवेद्य झाला, रात्री छबिना म्हणजे देवाच्या पालखीची मिरवणूक निघाली, की दुसऱ्या दिवशी घरोघर मटण शिजते. दुपारी कुस्त्यांचा फड होतो आणि रात्रीची जेवणे उरकल्यावर सारा गाव पाहुण्यांसह तमाशाला जाऊन बसतो. यातील पाहुणा ही संज्ञा फार व्यापक आहे, कारण तीत व्याही, जावई आणि साडू तर येतातच, पण साडूच्या ऑफिसातला जोडीदार आणि त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आलेला, कोणाचाच कोण नसलेला इसमही येतो, आणि त्यालाही रस्सा तितक्याच आग्रहाने वाढला जातो. मुक्कामाची सोय सोप्यात, गच्चीवर किंवा जागा असेल तेथे होते, अंगावर वाकळ मिळते आणि सकाळी अंघोळीचे पाणी चुलीवर तापलेले असते. जेवण, मुक्काम आणि खेळ ही तिन्ही अंगे एकत्र असलेल्या या व्यवस्थेत पाहुण्याकडून पैसे घेतले जात नाहीत. त्याऐवजी पुढे केव्हातरी त्याच्या गावच्या जत्रेला जाऊन हिशेब पुरा केला जातो. ब्युनोस आयरेसला ही शेवटची सोय नाही आणि सातारकरांना तेथील दर महाग वाटतात त्याचे मूळ बहुधा यात आहे.

तमाशाची निवड हे काम यात्रा कमिटीकडे असते. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील नारायणगावी निरनिराळ्या फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तेथे जाऊन करार ठरवतात, ज्याला सुपारी देणे म्हणतात. आगाऊ दिल्या जाणाऱ्या रकमेला इसार हा शब्द आहे. सांगलीजवळचे कवलापूर हे काळू-बाळू या जुळ्या भावांच्या फडाचे गाव असल्याने आणि त्यांचा ‘जहरी प्याला’ हा वग महाराष्ट्रभर गाजलेला असल्याने या भागातील पंचांना चांगला तमाशा कशाला म्हणतात हे कोणी शिकवावे लागत नाही. गण, गवळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे कथानक असलेले नाट्य, असा क्रम त्यांना तोंडपाठ असतो. तरीही राहुटीत सतरंजीवर बसल्यावर कलेविषयीचा प्रश्न सहसा पहिला येत नाही. गाड्या किती, जनरेटर फडाचा की गावाचा, कलाकारांच्या जेवणाचे कोणाकडे, सकाळची हजेरी, म्हणजे दुसऱ्या दिवशी देवळापुढे होणारा छोटा कार्यक्रम, धरून की सोडून, अशी चौकशी आधी होते, आणि मग एखादा पंच चहाचा कप खाली ठेवून मुद्द्याला हात घालतो.

“मॅनेजर, मागल्या साली म्होरल्या गावाला बाराजणी नाचवल्या आन्‌ आमास्नी धाच?”

“तात्या, दोघींची लग्नं झाली.”

“मग त्यो आकडा बी लग्नाच्या मानानं खाली येऊ द्या की.”

या संवादात निवडशास्त्राचे सर्व सिद्धांत आलेले आहेत. खेळ कसा आहे यापेक्षा शेजारच्या गावाने कोणता आणला होता याला महत्त्व असते, दर हा तक्रारीचा परिणाम असतो, आणि जे पुढ्यात आहे त्याच्या गुणांपेक्षा त्यातून जे वगळले गेले आहे त्याची चर्चा अधिक फलदायी ठरते. हीच तत्त्वे घेऊन सांगलीच्या विश्रामबागेतील किंवा साताऱ्याच्या शाहूपुरीतील चार कुटुंबे ब्युनोस आयरेसच्या हॉटेलातील स्वागतकक्षात बसतात, तेव्हा समोरच्या अर्जेंटिनी युवकाला आपण कोणत्या परंपरेशी गाठ घालून बसलो आहोत याची कल्पना नसते.

निवडीला वाव मात्र भरपूर आहे. सान तेल्मो या जुन्या वस्तीत १९६९ साली गायक एडमुंडो रिवेरो याने उघडलेले एल व्हिएहो अल्मासेन आहे. अबास्तो भागात कार्लोस गार्देल या टँगोगायकाच्या नावाचे नाट्यगृह आहे, आणि हा गार्देल २४ जून १९३५ रोजी कोलंबियात विमान अपघातात वारल्यानंतरही तेथील लोक त्याला वारल्यासारखे वागवत नाहीत. १८५८ पासूनच्या कॅफे तोर्तोनीत लहानशा जागेत, थाटमाटाच्या जेवणाशिवायही, टँगो पाहता येतो. आणि बंदराच्या बाजूला, पुएर्तो मादेरोत, पंचतारांकित हॉटेलातच होणारा खेळ आहे, जेथे खर्च विचारणे अशिष्ट समजले जाते व म्हणून तो सांगलीकर सर्वांत आधी विचारतात. साधारणपणे प्रत्येक ठिकाणी तीन पायऱ्या असतात: नुसता खेळ, जेवणासह खेळ, आणि पुढच्या रांगेत बसून जेवणासह खेळ. हॉटेलातून नेणे-आणणे बहुतेकदा दरात धरलेले असते. एका प्रसिद्ध खेळात रंगमंचावर चक्क घोडे आणीत असत, आणि ही माहिती कोणा दूरच्या नातेवाइकाने आधीच कळवलेली असली, की घोड्याविना टँगो ही कल्पना पटवून देण्यात मार्गदर्शकाचा सबंध सकाळचा वेळ जातो.

बसण्याच्या जागेचा प्रश्न वरकरणी पैशांचा वाटला तरी तो वस्तुतः अब्रूचा आहे. गावच्या तमाशात पुढे पोरे आणि दर्दी बसतात, तर गावातील प्रतिष्ठित माणसे मागे, दिव्याचा उजेड जेथे संपतो तेथे, कानाला मफलर गुंडाळून उभी राहतात आणि सकाळी कोणी विचारलेच तर कुत्री फार भुंकत होती म्हणून बाहेर आलो होतो असे सांगतात. रयत शिक्षण संस्थेत तीस-पस्तीस वर्षे इंग्रजी व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या एखाद्या मुख्याध्यापकांचे सर्व आयुष्य अशा प्रकारे मागच्या अंधारात गेलेले असते. तेच गृहस्थ ब्युनोस आयरेसला आल्यावर त्यांना असे सांगण्यात येते, की पहिल्या रांगेतील जागा सर्वांत महाग असून ती मानाची आहे, तेथून नर्तकीच्या चपलेची पट्टीही दिसते, आणि मागची जागा स्वस्त असली तरी खांबाआड आहे. मुख्याध्यापक खांबाची चौकशी अधिक आस्थेने करतात. पत्नी मात्र, जन्मात एकदाच येणे होणार असल्याने, पुढची जागा घ्या असे म्हणते, आणि एका संपूर्ण पिढीची नैतिक भूमिका क्रेडिट कार्डाच्या यंत्रातून सरकून जाते.

जेवणाचा विषय यापेक्षा कठीण आहे. अर्जेंटिना हा गोमांस खाणारा देश आहे हे विधान पुस्तकात वाचणे वेगळे आणि ताटात पाहणे वेगळे. तेथे मांस म्हटले की गोमांसच गृहीत धरतात. कोंबडी आणि मासे यांकडे पथ्याचे खाणे म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आहे, आणि आपण शाकाहारी असल्याचे सांगितल्यावर वाढपी सहानुभूतीने हॅम, म्हणजे डुकराचे मांस, चालेल का असे विचारतो. जेवणाच्या आरंभी येणारी एम्पनाडा ही पिठाच्या पारीत सारण घालून, कडेला मुरड घालून भाजलेली वस्तू पाहून साताऱ्यातील कोणतीही गृहिणी तिला करंजी म्हणेल, आणि आत काय आहे हे कळल्यावर पुन्हा म्हणणार नाही. शाकाहाऱ्यांसाठी लाल भोपळा किंवा चीज भरलेली राविओली असते, म्हणजे लहान चौकोनी उशांसारखा इटालियन प्रकार, कारण या शहरात इटलीहून आलेल्यांची वंशावळ फार मोठी आहे. ती गोडसर असते. मग पर्समधून, रुमालाखालून, तिकिटाच्या जाड पाकिटातून सांगलीचे भडंग आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर पडते, आणि राविओलीवर चटणी भुरभुरली जाताना शेजारच्या टेबलावरचे ब्राझीलचे प्रवासी त्याचा फोटो काढतात.

तथापि जे लोक शेतीच्या धंद्यातील आहेत त्यांचे जेवणाकडे लक्षच नसते. तासगावच्या बागायतदाराला पेल्यातील माल्बेक ही काळसर तांबडी वाइन दाखवल्यावर तो ती प्रकाशात धरून पाहतो, ओठाला लावतो आणि वाढप्याला विचारतो की हिचा खुंट कोणता. खुंट म्हणजे ज्या रानटी वेलीच्या मुळावर द्राक्षाचे कलम करतात ती वेल; तासगाव-मिरज भागात डॉगरिज जातीचा खुंट सर्रास वापरतात. मूळ फ्रान्सची माल्बेक १८५३ च्या सुमारास अर्जेंटिनात आली व मेंदोसा प्रांतात स्थिरावली, आणि तेथील पुष्कळ बागा कलम न करता वेलीच्या स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, हे मार्गदर्शकाने भाषांतर करून सांगितले की बागायतदाराचा चमचा हवेत थांबतो. वर्षातून दोनदा, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, छाटणी करावी लागणाऱ्या माणसाला तेथे हिवाळ्यात एकदाच छाटतात हे कळल्यानंतर पुढे रंगमंचावर काय घडते याने फारसा फरक पडत नाही. फलटणकडचा दूधवाला असेल तर तो शेवटच्या गोड पदार्थाची, म्हणजे दूध-साखर तासन्‌तास आटवून केलेल्या दुल्से दे लेचेची वाट पाहतो, आणि आल्यावर गाईचे दूध किती फॅटचे लागते याची चौकशी करतो. वाढप्याला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. तो ‘मृच्छकटिक’ नाटकातील चारुदत्ताच्या भूमिकेला शोभेल असा देखणा मुलगा असतो आणि टाय सरळ करून दुसऱ्या टेबलाकडे जातो.

वेळेबाबत एक विलक्षण योग नोंदवण्यासारखा आहे. तेथे जेवण साडेआठच्या आसपास वाढू लागतात आणि खेळ दहाला सुरू होतो. भारतात ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी असून वर्षातील मोजक्या दिवशीच ती बारापर्यंत शिथिल होते, आणि त्यामुळे जेथे एके काळी वग रंगता रंगता तांबडे फुटत असे, तेथे आता पोलीस पाटील घड्याळ दाखवतो. तात्पर्य, ज्या ठोक्याला वाळवे तालुक्यातील ढोलकी बंद होते, त्याच ठोक्याला ब्युनोस आयरेसमधील व्हायोलिन सुरू होते. पण तो ठोका एकाच वेळी पडत नाही: दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत साडेआठ तासांचे अंतर असल्याने तेथील रात्रीचे दहा म्हणजे साताऱ्यातील दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. सहलीच्या दुसऱ्याच दिवशी टँगो ठेवला असेल तर पाहुण्यांची शरीरे अजून सातारच्या वेळेवर चालत असतात, आणि दूध तापवण्याच्या व पाणी भरण्याच्या वेळेला कोणीतरी आपल्यापुढे मिठी मारून नाचत आहे ही गोष्ट पचनसंस्थेला स्वीकारता येत नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या, घरटी सैनिक देणाऱ्या गावातून आलेले निवृत्त सुभेदार तेवढे ताठ बसतात. त्यांना झोपेत ताठ बसण्याची सवय असते.

हॉटेलची निवड याहून सोपी आहे, कारण तिच्यात कलेचा संबंध नाही. सान तेल्मोत राहावे तर टँगो दाराशी, पण रस्ते दगडी फरशीचे असल्याने चाकांच्या बॅगांचा आवाज सबंध वस्तीला मराठी माणसे आल्याची वर्दी देतो. रेकोलेता आणि पालेर्मो हे भाग सभ्य व झाडांचे आहेत. आणि ओबेलिस्को या उंच स्तंभाजवळ, नऊ जुलै या अतिरुंद हमरस्त्यावर राहिल्यास हरवलेल्या माणसाला खूण सांगणे सोपे जाते, म्हणून गटसहलीत तोच भाग पसंत केला जातो. जुन्या इमारतींतील लोखंडी जाळीच्या दारांच्या उद्‌वाहकात दोनच माणसे मावतात आणि त्यामुळे चार कुटुंबांचा गट एकत्र खाली उतरण्यास निघाला तर पहिला माणूस शेवटच्याची वाट पाहून पुन्हा वर जातो. चहाची किटली, खोलीतील इस्त्री, न्याहारीला दही आहे की नाही, हे नेहमीचे मुद्दे होतच. परंतु ज्या एका मुद्द्यावर युरोप पाहून आलेली मराठी कुटुंबे अजूनही खालच्या आवाजात बोलतात, तो पाण्याचा मुद्दा अर्जेंटिनाने कायमचा निकालात काढलेला आहे. तेथील स्नानगृहांत संडासाशेजारी बिदे, म्हणजे बसून धुण्यासाठी नळ जोडलेले चिनी मातीचे भांडे, सर्रास असते. पॅरिस व लंडन या शहरांनी जे करून दाखवले नाही ते या दूरच्या देशाने केलेले पाहून अनेक ज्येष्ठ प्रवाशांचे अर्जेंटिनाविषयीचे मत टँगो पाहण्यापूर्वीच अनुकूल झालेले असते, आणि अभ्यासकाने हा पूर्वग्रह हिशेबात धरला पाहिजे.

पैसे बदलण्याचे प्रकरण गलाईवाल्यांवर सोपवावे. अर्जेंटिनात अनेक वर्षे डॉलरचा सरकारी दर एक आणि बाजारातला दर दुसरा असे, आणि फ्लोरिदा या पादचारी रस्त्यावर उभे राहून दर पुकारणाऱ्या दलालांना तेथे ‘झाडे’ म्हणत. मुख्याध्यापकांना या अर्थव्यवस्थेवर स्वतंत्र व्याख्यान लागेल. गलाईवाल्याला ती दुरून, नुसत्या उभे राहण्याच्या ढबीवरून कळते.

आता मूळ प्रश्न. जो गृहस्थ आपल्या गावच्या लावणीला उघडपणे जात नाही, तो पंधरा हजार किलोमीटरवर जाऊन सपत्नीक टँगो का पाहतो? याचे उत्तर टँगोच्या चरित्रात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिओ दे ला प्लाता या नदीच्या मुखाशी, ब्युनोस आयरेस व मोन्तेविदेओ येथील गरीब वस्त्यांत, गुलामगिरीतून सुटलेले आफ्रिकी वंशाचे लोक, युरोपातून पोट भरायला आलेले मजूर आणि कामाच्या शोधात शहरात शिरलेले गुराखी यांच्या सरमिसळीतून हा नाच झाला, आणि ज्या घरांतून तो नाचला जाई त्यांचे पत्ते शहरातील सभ्य लोक निदान दिवसा विचारीत नसत. मग १९१३ च्या सुमारास पॅरिसला टँगोचे वेड लागले. त्याच वर्षी जर्मनीच्या कैसरने आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना गणवेशात टँगो नाचण्यास मनाई केली, आणि पॅरिसची पसंती व कैसरची बंदी अशी दोन्ही प्रमाणपत्रे मिळाल्यावर ब्युनोस आयरेसच्या उच्चभ्रूंनाही तो आपला वाटू लागला. २००९ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. लावणीचा प्रवास याच वाटेचा, फक्त मध्ये पॅरिस लागले नाही. १८६६ साली वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी वतन आणि जात दोन्ही बाजूला ठेवून शाहीर पट्ठे बापूराव झाले, तमाशातील नर्तकी पवळेबरोबर त्यांनी महाराष्ट्र गाजवला आणि १९४५ मध्ये ते हलाखीत वारले. त्यांचे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते व १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा होऊन पुढे त्याचे सांगली झाले, त्यामुळे आज दोन्ही जिल्हे त्यांच्यावर हक्क सांगतात. ते हयात असताना असा वाद झाल्याचे कोणी ऐकले नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाने तमाशावर काही काळ बंदी घातली, म्हणजे कैसरचे काम झाले. पॅरिसचे काम चित्रपटांनी केले: १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, १९७२ मध्ये ‘पिंजरा’ आला, आणि वाड्यातल्या बायका-मुलांना लावणी खुर्चीवर बसून, मध्यंतरात वेफर्स खात पाहता येऊ लागली. म्हणजे अंतर हवे. ते पडद्याचे असो, काळाचे असो वा महासागराचे, ते पुरेसे झाले की कोणत्याही नाचाची संस्कृती होते, आणि संस्कृती पाहायला पत्नीला नेता येते.

नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीने हे फार लवकर ओळखले होते असे म्हणण्यास जागा आहे. १८४२ मध्ये कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांना ते आवडले, पण त्यांनी त्याच मंडळींना पुन्हा बोलावण्याऐवजी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना तसेच, पण अधिक नेटके, काहीतरी करण्याची आज्ञा केली. आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झाले, ज्यापासून मराठी रंगभूमीचा आरंभ मोजतात. परक्याचा खेळ पाहून आल्यावर ‘हे आपल्याकडेही करता येईल’ असे जे वाक्य आजही विश्रामबागेतील प्रवासी विमानतळावरच उच्चारतात, त्यामागे अशी पावणेदोनशे वर्षांहून जुनी राजाज्ञा आहे.

खुद्द खेळात मिरजेच्या माणसाचे लक्ष नाचाकडे नसून वाद्याकडे असते. बँडोनिऑन हे जर्मनीत घडलेले वाद्य वादक गुडघ्यावर ठेवून भात्यासारखे ओढतो व दाबतो, त्याच्या दोन्ही बाजूंना बटणे असतात आणि एकच बटण ओढताना एक स्वर व दाबताना दुसरा देते. तंबोरे-सतारींच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला या दुटप्पीपणाचा आधी राग येतो, मग कौतुक वाटते, आणि मध्यंतरात तो वादकाला गाठून वाद्य उलटे करून पाहण्याची परवानगी मागतो. बाकीचे प्रेक्षक जागे होतात ते गुराख्यांच्या नाचाला, ज्यात दोरीच्या टोकाला बांधलेले गोळे गरगर फिरवून जमिनीवर तालात आपटतात. हा भाग टँगो नव्हे, खेळात विविधता असावी म्हणून घातलेला असतो, परंतु सातारकरांच्या सर्वाधिक टाळ्या त्यालाच पडतात, कारण दांडपट्टा पाहिलेल्या माणसाला जोखमीची किंमत कळते. पाय गुंतवणाऱ्या जोडप्याविषयीचा अभिप्राय बहुधा एवढाच असतो, की चप्पल लई उंच आहे, पडली म्हंजे?

काही चोखंदळ प्रवासी डिनर शो हा पर्यटकांसाठी सजवलेला प्रकार असून खरा टँगो मिलोंगात, म्हणजे स्थानिक लोक स्वतःच्या आनंदासाठी नाचतात त्या मेळाव्यात, पाहिला पाहिजे असा आग्रह धरतात. भेद खरा आहे. ब्युनोस आयरेसला २००३ पासून होणाऱ्या जागतिक स्पर्धेतही रंगमंचाचा टँगो आणि मिलोंगाचा टँगो असे दोन वेगळे विभाग आहेत, आणि ढोलकी फड व बैठकीची लावणी यांतला फरक जाणणाऱ्याला तो समजावून सांगण्याची गरज नाही. पण मिलोंगात एक धोका आहे. तेथे नाचाचे आमंत्रण तोंडाने देत नाहीत: पुरुष दुरून स्त्रीच्या नजरेला नजर देऊन मान किंचित हलवतो, तिनेही हलवली तर होकार झाला असे समजून तो उठून तिच्यापुढे येतो, आणि मग तीन-चार गाण्यांचा एक संच संपेपर्यंत सोडत नाही. आता मराठी माणूस गाणे ऐकताना मान हलवल्यावाचून राहू शकत नाही, हे कोल्हापूरच्या देवल क्लबात किंवा मिरजेच्या उरसात संगीत ऐकलेल्या कोणालाही ठाऊक आहे. समेवर मान डोलावताना मुख्याध्यापकांच्या सौभाग्यवतींची दृष्टी जर सहज समोरच्या खुर्चीकडे गेली, तर रुपेरी केसांचा एक सत्तरीचा गृहस्थ कोटाची गुंडी लावत तिच्यापुढे येऊन उभा राहतो, आणि मग दुभाषी, टूर मॅनेजर व सुभेदार या तिघांना मिळून आंतरराष्ट्रीय गैरसमज दूर करावा लागतो. अशा वेळी ती बाई मनातून नाराज झालेली नसते, असे तज्ज्ञांचे मत आहे.

डिनर शोत एवढे होत नाही. तेथील एकमेव जोखीम प्रवेशद्वाराशी असते. आत शिरतानाच एक छायाचित्रकार पुरुष प्रवाशाच्या डोक्यावर काळी टोपी व गळ्यात रेशमी रुमाल घालतो, नर्तकी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवते, प्रकाश चमकतो, आणि नकार देण्यासाठी लागणारा स्पॅनिश शब्द आठवेपर्यंत सर्व संपलेले असते. खेळ सुटेपर्यंत ते छायाचित्र पुठ्ठ्याच्या चौकटीत बसून टेबलावर हजर होते. मुख्याध्यापक म्हणतात की किंमत अवास्तव आहे व ते येथेच राहू द्यावे. पत्नी म्हणते की नवऱ्याचा फोटो परक्या मुलखात कोणाच्या हाती राहता कामा नये, आणि पैसे मोजून तो पिशवीत टाकते. पुढे साताऱ्यात हे छायाचित्र दिवाणखान्यात लावण्यावरून बरीच वाटाघाट होते व अखेर नर्तकीचा भाग कापून ते लावावे अशी तडजोड निघते. मात्र कितीही सांभाळून कापले तरी खांद्यावरचा हात तेवढा राहतो, आणि आलेला प्रत्येक पाहुणा टोपीविषयी काही न विचारता त्या हाताविषयी विचारतो.